ग्रॅमबाई आणि गप्पावाली

बाळांच्या दवाखान्यात वजनकाट्यापाशी बसणाऱ्या नर्सबाईंना सगळे ग्रॅमबाई म्हणत. बाळाच्या पायात एक मोजा राहिला तरी त्या वजन करायच्या नाहीत. बाळांच्या आया त्यांना वचकून असत, आणि ग्रॅमबाईंना ते आवडायचं. खोटं कशाला बोला, वचक कुणाला आवडत नाही?

मग एक नवी बाई आली. तिच्याकडे ना सुई, ना काटा. तपासणी झाली की डॉक्टर प्रत्येक आईला तिच्या खोलीत पाठवायचे आणि ती विचारायची, घरी कसं चाललंय, जेवायला पुरतं का, रात्री बाळाला कोण घेतं. कुणाच्या ओल्या भिंतीसाठी घरमालकाला फोन कर, कुणाच्या थोरल्यासाठी पाळणाघर शोध, असली तिची कामं. आया रडवेल्या होऊन आत जायच्या आणि हसत बाहेर यायच्या. जाताना काट्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

ग्रॅमबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. "हल्ली गप्पा मारायचा पगार मिळतो," त्या औषधं देणाऱ्याला ऐकवायच्या. "आम्ही इतकी वर्षं काय माश्या मारल्या?" तो बिचारा हो ला हो करायचा.

अशातच त्यांची सून बाळाला लस टोचायला घेऊन आली. ग्रॅमबाईंनी नातवाला काट्यावर ठेवलं. वजन मागच्या खेपेला होतं तेवढंच. पुन्हा ठेवलं, तरी तेच. "अगं, नीट पाजतेस ना?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. सून बाळाला कपडे घालू लागली.

डॉक्टरांनी तिलाही त्या खोलीत पाठवलं. दार लागलं. ग्रॅमबाई बाहेर येरझाऱ्या घालू लागल्या. आमच्या घरात असं काय कमी आहे, की हिनं परक्या बाईपुढे मन मोकळं करावं? माझ्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आत बघा कशी बोलतेय! तेवढ्यात आतून सुनेचं हसणं ऐकू आलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

सून बाहेर आली ती हातात निळी पिशवी घेऊन. ज्या घरात खायला पुरत नाही, तिथल्या आईला दवाखाना ती पिशवी द्यायचा. रांगेतल्या बायकांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग ग्रॅमबाईंकडे.

"ही कशाला?" ग्रॅमबाईंनी तिला कोपऱ्यात ओढलं. "उपाशी ठेवतो का आम्ही तुला?"

"आई, दुपारी बाळाला पाजलं की खूप भूक लागते मला. कपाटाला कुलूप असतं."

कुलूप ग्रॅमबाईंनीच लावलं होतं. नवऱ्याला साखरेचा आजार, आणि तो चोरून खाण्यात पटाईत. म्हणून खाण्याचं कपाट बंद करून, किल्ली कमरेला खोचून त्या कामावर यायच्या. घरात सूनही असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग बोलायचं नाहीस? मी काय वाघ आहे?"

"तुम्ही रोज विचारता, बाळ प्यायलं का. आत त्या बाईंनी विचारलं, तू जेवलीस का. मला एकदम रडूच आलं. मग त्यांनीच हसवलं."

ग्रॅमबाईंनी किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली. पिशवी परत कर म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटेना. खोलीच्या दारातून ती बाई पुढच्या आईला हाक मारत होती. दवाखान्यात येणाऱ्या आया तिनं पळवल्या, ते एक वेळ चाललं असतं. पण आपल्या घरातलं हिला आपल्याआधी कळलं, हे ग्रॅमबाईंना काही केल्या गिळवेना.