माझ्या दिरानं बुडवलेली माणसं

आमच्या शहापूर तालुक्यात धरणं आहेत, नद्या आहेत, ओढे आहेत. पण या सगळ्या पाण्यानं मिळून जेवढी माणसं गिळली नसतील, तेवढी माझ्या एकट्या धाकट्या दिरानं बुडवली. तोंडानं आणि बसल्या जागी. बारा महिने बगलेत काळी छत्री, खांद्यावर टॉवेल आणि चेहरा असा, की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलाय. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शेंबडा पोर होता, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत अरे-तुरेच केलं. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जेवायला आमच्यातच असायचा. जेवताना कोण आजारी आहे, कुणाचं घर गळतंय, कुणाची म्हैस आटली, हे सांगायचा. चांगली बातमी कानावर आलीच तर ती तो दुसऱ्या कुणीतरी सांगावी म्हणून ठेवून द्यायचा.

आमचं गाव शेणव्याच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला आहे. गावाखाली ओढा खडकात उतरतो आणि तिथं एक गोल डोह झालाय. त्याला आम्ही कढई म्हणतो. वरून पाणी हिरवं आणि गुळगुळीत, बघितलं की पाय घालावेसे वाटतात. आतून खडक पोखरलेला आहे. माणूस उतरला की पाणी त्याला कपारीखाली ओढून नेतं. गावातलं कुणी तिथं उतरत नाही, गुरंसुद्धा वरच्या अंगाला पितात. मग काही वर्षांपूर्वी फोनवर कुणीतरी टाकलं, की मुंबईजवळची फारशी कुणाला ठाऊक नसलेली सुंदर छोटी गावं, शनिवारी जा, रविवारी परत या. त्यात मुरबाडकडची काही गावं होती आणि आमचंही होतं. ठाऊक नसलेलं गाव सगळ्या मुलखाला सांगितल्यावर ते कसलं ठाऊक नसलेलं राहतं? लोक शांतता बघायला आले आणि येताना गाडीत मोठ्यानं गाणी लावून आले. ग्रामपंचायतीनं कढईवर पाटी लावली, पाण्यात उतरू नये म्हणून. लोक तिच्यावर कपडे वाळत घालू लागले.

दिरानं तरुणपणी खर्डीकडं पाण्यातून एक माणूस काढला होता. बाकीचे काठावर उभे राहिले, हा उतरला. नंतर सगळा पावसाळा त्यानं मासा खाल्ला नाही. मला एकदाच बोलला, "वयनी, हाताला लागला तवा वाटलं नुसतं कपडंच हायेत." तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पण पाटीवर वाळत घातलेल्या पँटी बघितल्या त्या दिवशी त्यानं मनाशी धरलं, की आपल्या गावात पाण्यातून माणूस काढायची पाळी येऊ द्यायची नाही. दुसऱ्या शनिवारपासून तो छत्री घेऊन कढईवरच्या जांभळाखाली बसायला लागला.

आधी त्यानं खरं सांगून बघितलं. "खोल हाय, उतरू नका." पोरं विचारायची, "किती फूट, काका?" खोल म्हटलं की त्यांना जास्तच हुरूप यायचा. खऱ्याचा उपयोग नाही हे कळल्यावर मग त्यानं माणसं मारायला सुरुवात केली.

पहिला मारला तो शेणव्याचा जावई. "आखाडात सासुरवाडीला आल्ता. नवीकोरी प्यांट. सासू भाकरी थापीत व्हती. तिला बोल्ला, आलोच अंघोळ करून. ह्या इथं चपला काढल्या." एवढं बोलून तो गप्प बसायचा आणि पोरं आपापल्या चपलांकडं बघायची. मग मुरबाडची नवरी झाली, ती हळदीच्या अंगानं गेली. मग वाशिंदच्या कंपनीतला एक साहेब, पोहण्याची मेडलं मिळवलेला. दर पावसाळ्यात एक-दोन वाढायचे. प्रत्येकाचं घर, सोयरे, कपडे, शेवटचं बोलणं, सगळं त्यानं ठरवलेलं असायचं. जावयाचा एक दात सोन्याचा होता, हे त्याला तिसऱ्या वर्षी आठवलं. मी म्हटलं, "अरे, किती खोटं बोलशील?" तर म्हणाला, "गावात एक तरी मेला का? नाय ना? मग मेलेलं कुठनं आणू?"

पोहता येतं का, हा त्याचा कुणालाही पहिला प्रश्न. माझ्या मुलासाठी मुरबाडला मुलगी बघायला गेलो, तिथं मंडळी स्वयंपाकाचं, शिक्षणाचं विचारत होती. हा मधेच म्हणाला, "पोरी, पवायला येतं?" मुलगी घाबरून म्हणाली, "नाय." "बरं झालं," हा म्हणाला, "मंग जगशील. पवणारंच बुडतात, नाय येत तो काठाला बसतो." तिथल्या तिथं त्यानं मुलगी पसंत करून टाकली. तीच आज माझी सून आहे. तिच्याशी तो जरा तरी हसून बोलतो असा घरात समज होता, पण मी कधी पाहिलं नाही.

ही बुडालेली माणसं आजूबाजूला पसरली. एक दिवस शेणव्याचे एक म्हातारे तणतणत ओटीवर आले. "आमच्या गावाचा कुठला जावई बुडाला रे? समदे जिवंत हायेत! माझ्या जावयाला कामावर लोक इचारतात, तुमी वाचलात कसे म्हणून!"

दीर शांतपणे म्हणाला, "मोजून आलेत का?"

"मोजायचं काय त्यात?"

"एक आमाला दिला तर तुमचं काय जातं, बाबा? त्याच्यावर माणसं वाचतात हितं."

म्हातारे चहा न घेता निघाले होते, मी बळंच बसवलं. शेवटी तोड निघाली. जावई मुरबाडला देऊन टाकला. दिराचं म्हणणं, मुरबाड मोठं गाव, बाजारपेठ, तिथं एक जावई कमी झाला तर कुणाला कळत नाही. म्हाताऱ्यांना ते पटलं. जाताना म्हणाले, "पर सोन्याचा दात आमचा व्हता, तो काढा." तोही काढला.

आलेल्या लोकांना पाण्यावरून उठवलं की कुठंतरी पाठवायला तर हवं. मग तो त्यांना कोरडी ठिकाणं सांगायचा. खर्डी स्टेशनच्या मागं बांधावर बसा, भात बघा. आमच्या गावची भाताची गिरण बघा. मुरबाडच्या बाजारात सुकी मासळी बघा. खडकावर घोट्याइतकं पाणी आहे तिथं पाय बुडवा, भाकर खा, जा. त्याला वाटायचं लोक कंटाळून परत यायचे नाहीत. तर लोक गिरणीपुढं फोटो काढायला लागले. कोंडा उडून केस पांढरे झालेले, आणि हसतायत. डोंबिवलीचं एक जोडपं खर्डीच्या बांधावर दिवसभर बसून आलं आणि त्याच्या पाया पडलं. "काका, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं." तो घरी येऊन मला म्हणाला, "वयनी, ह्यांच्याकडं बसायला जागा नाय का गो?"

आणि सर्वपित्रीला त्याचा एक वेगळाच कारभार असायचा. आमच्या वाडवडिलांची पानं वाढून झाली, की तो म्हणायचा, अजून एक वाढ. त्यावर वडे, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं. ते जावयाचं, नवरीचं आणि साहेबाचं. सून तोंडाला पदर लावून हसायची. मी म्हटलं, "जे जन्मलेच नाहीत ते जेवणार कुठून?" तो म्हणाला, "आपण मारलंय त्यांना. उपाशी कशाला ठेवायचं?" कावळा त्या पानावरही यायचा. कावळ्याला काय कळतंय!

त्याची ही विद्या त्याच्याच मुळावर आली. कुणा मुलीनं तो बोलत असताना फोन धरला आणि जगाला दाखवला. त्याचा तो चेहरा, छत्री आणि जावयाची गोष्ट लोकांना फार आवडली. त्यानंतर जे येत ते पाण्यासाठी नाही, त्याच्यासाठी येत. "काका, जावयाचं सांगा ना." "नको, ते नवरीवालं सांगा, टाइम आहे आपल्याकडं." सासू भाकरी थापीत होती, इथपर्यंत तो आला की सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "आलोच अंघोळ करून!" आणि टाळ्या वाजवायची. चपलांकडं आता कुणी बघत नव्हतं. तो मला म्हणाला, "वयनी, भेत नायत गो. हसतात." दोन-तीन नवे मेलेले करून बघितले. त्यांनाही लोक हसले.

श्रावणातल्या एका रविवारी आठ-दहा जणांचा घोळका आला. दिरानं हात जोडले, गोष्ट न सांगता सांगितलं, की हे पाणी खरंच वाईट आहे. त्यांना वाटलं ही नवी गोष्ट आहे. एक उंचसा पोरगा, विशीतला, डोहाच्या कडेच्या खडकावर चढला, याच्याकडं बघून हसला, म्हणाला, "आलोच अंघोळ करून," आणि उडी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला काढला. दिराला आम्ही पाण्यात उतरू दिलं नाही, वय झालं होतं. तो छत्री न उघडता पावसात उभा राहिला. पोराचा बाप आमच्या ओटीवर बसून होता. त्यानं एकच विचारलं, "तो घाबरला होता का हो?" दीर म्हणाला, "नाय. हसत व्हता." बाप बराच वेळ मान हलवत राहिला. माझ्या दिराच्या तोंडून एखाद्याला बरं वाटेल असं निघालेलं मी ऐकलेलं तेवढंच.

त्या सर्वपित्रीला मी न सांगता जास्तीचं पान मांडलं. त्यानं ते उचलून ठेवलं. म्हटलं, "जावयाला नाही घालायचं?"

"त्यानं काय केलं? एक पोरगा थांबवता आला नाय त्याला."

"मग त्या पोराचं घालू का?"

"त्याला आय हाय, ती घालील. आपला नाय तो."

थोडे दिवस गाड्या कमी झाल्या, मग परत यायला लागल्या. आता ते त्या पोराचं विचारत. त्यानं कुठून उडी मारली, शेवटी काय म्हणाला. खरं तर आता त्याच्याकडं सांगायला खरा मेलेला होता. मीच म्हटलं, "सांग की, हे तर खोटं नाही." तो माझ्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडला. "खरा हाय तो, वयनी! त्याला हात लावायचा नाय!" त्यानंतर तो जांभळाखाली बसायला गेला नाही. शनिवार उजाडला की मागच्या पडवीत जाऊन बसायचा, जिथून रस्ता दिसत नाही.

मागच्या थंडीत छातीत भरलं. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली घोंगडी पांघरून खाटेवर पडून असायचा आणि मला विचारायचा, "आज शनवार का गो? कोण बसलंय तितं?" कोण बसणार! मी सांगायचे, कुणी नाही. एका दुपारी मी त्याला चमच्यानं पेज भरवत होते. तो म्हणाला, "वयनी, मी गेलो का मला बुडव."

मी म्हटलं, "लाकडं आणून ठेवलीत. बुडवू कशाला?"

"तसं नाय गो. तोंडानं. जावई कुणी बघितला नव्हता, म्हणून हसले. मला समद्यांनी बघितलाय. माझा फोटो लाव रस्त्याकडं."

"मला नाही जमायचं तुझ्यासारखं."

"तुला नको जमायला. तू चारच शब्द बोल, तुझं भांडल्यासारखं बोलणं हाय, ऐकतील."

मी पेज भरवत राहिले. चार दिवसांनी तो गेला, त्याच खाटेवर. तोंडात घातलेलं पाणीसुद्धा बाहेर आलं.

फोटो ओटीवर लावलाय, रस्त्याकडं तोंड करून. कढईकडं जाणाऱ्यांना आमच्या दारावरूनच जावं लागतं. परवाच्या शनिवारी पाच-सहा जण थांबले. "आजी, पाणी इकडूनच का?" एकीचं लक्ष फोटोकडं गेलं. "अरे, हे तर ते स्टोरीवाले काका! हार का घातलाय?"

मी तांदूळ निवडत होते. वर बघितलं नाही. म्हटलं, "बुडाला तितं."

कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "ते... त्यांना तर सगळं माहीत होतं ना?" मी म्हटलं, "होतं की." मग कुणीतरी गाडीतली गाणी बंद केली. आणि ती मुलगी खाली उतरून हळू आवाजात म्हणाली, "इथं दुसरं काय बघण्यासारखं आहे, आजी?" मी गिरणीचा रस्ता दाखवला. खर्डीचा बांधही सांगितला. आता दर शनिवारी-रविवारी हे असंच चालतं. बहुतेक जण वळतात. जे वळत नाहीत त्यांच्या मागं सुनेला पाठवते.

जाताना कुणी ना कुणी विचारतंच, "मग काका सापडले का?"

"नाय," मी म्हणते. तेवढं सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.