कायमचं की तात्पुरतं

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा पावसाळा होता. किहीमला पर्यटकांना द्यायच्या आमच्या तिन्ही खोल्या रिकाम्या होत्या, त्यामुळे निदान पाहुण्यांसमोर तमाशा झाला नाही. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. म्हणजे शब्द होते, पण भलतेच यायचे. पाणी हवं असलं की 'चप्पल' म्हणायचे, आणि मी चप्पल आणली की माझ्यावरच डोळे वटारायचे. डोळे वटारणं तेवढं शाबूत होतं.

पावसाळा सरून मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या बोटी पुन्हा सुरू झाल्या तसे फोन वाजू लागले. आमची वेबसाइट ह्यांनीच उभी केली होती, नावही ह्यांनीच शोधलं होतं, आणि त्या नावावर लोक येतच होते. मी एकटी ह्यांना उठवू-बसवू की भाकऱ्या थापू? पुण्याचं एक कुटुंब न विचारता थेट फाटकाशी आलं. त्यांना मी परत पाठवलं, तेव्हा ओटीवरून ह्यांनी असा आवाज काढला की ती बाई घाबरून गाडीत जाऊन बसली.

शेवटी शेजारीण धावून आली. तिच्याही खोल्या आहेत. "वैनी, तुमचं पावनं मी उतरवीन माझ्याकडं," ती म्हणाली, "पन कायमचं का थोडं दिवस, ते आज सांगा. मला बायका लावाव्या लागतील कामाला."

आज सांगा म्हणे. मुंबईहून लेक आली होती, ती संध्याकाळच्या बोटीने परत जाणार होती. ओटीवर लॅपटॉप उघडून बसली, ती नेमकी ह्यांच्या खुर्चीकडे पाठ करून. मला ते आवडलं नाही.

"आपलं डोमेन काकूंच्या वेबसाइटकडे फॉरवर्ड करायचं," ती म्हणाली. "आपला पत्ता टाकला की त्यांचं पान उघडेल. फक्त इथे विचारतायत, कायमचं की तात्पुरतं."

"फरक काय?"

"तात्पुरतं म्हणजे सध्या तिकडे जा, पण दर वेळी आधी इथे येऊन विचारा. कायमचं म्हणजे विचारूच नका. सर्च करणाऱ्यांनाही मग त्यांचाच पत्ता दिसायला लागतो. नंतर आपण बदललं तरी काहींच्या फोनला जुनंच लक्षात राहतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, कायमचंच करूया. तुम्ही दोघं माझ्याकडे या. आता हे पुन्हा सुरू होणार नाही, तुलाही ठाऊक आहे."

डॉक्टरही इतकं स्पष्ट बोलले नव्हते.

"ह्यांना विचार," मी म्हटलं.

"त्यांना कळणार आहे का?"

"इकडे तोंड कर आणि विचार."

ती वळली नाही. मग तडजोड काढत म्हणाली, "आणखी एक प्रकार आहे, मास्किंग. वर नाव आपलंच राहतं, आत पान त्यांचं."

"म्हणजे पाटी आमची आणि घर शेजारणीचं? लोकांना गंडवायचं? ह्यांनी कधी कुणाला शिळा मासा वाढला नाही." मी भांडणावर आले होते, कारण रडू येत होतं आणि भांडलं की ते थांबतं.

तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. लेक वळली, त्यांच्या पायाशी बसली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, आपली वेबसाइट काकूंकडे वळवतेय. कायमची की तात्पुरती?"

ह्यांचे ओठ हलले. "गूळ," आलं. मग "शनिवार". चिडून मान हलवली, कपाळाला घाम फुटला. उत्तरासाठी आलेली शेजारीण पायरीवर उभी होती, निघावं की थांबावं तिला कळेना. पुरे झाले हाल, मीच ठरवते, म्हणून मी उठणार तोच ते स्वच्छ म्हणाले,

"येतो."

लेकीचा चेहरा उतरला. "आई, निरोप घेतायत का गं ते?"

तेही असू शकत होतं. ह्यांच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"तात्पुरतं दाब," मी म्हटलं.

"पण आई..."

"दाब म्हणते ना."

तिने दाबलं. शेजारणीला मी सांगितलं, थोडे दिवस. ती "बरं हाय" म्हणून गेली. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. बाहेर ते तोच शब्द परत परत म्हणत होते. इतक्या महिन्यांनी एक शब्द धड हाती लागला होता, तो पुन्हा निसटू नये म्हणून.