दयाळाची पेटी आणि रविवारचा ब्रश

नारायण पेठेतल्या श्यामसुंदर ओगल्यांच्या घरात वस्तू हरवत नाही. ती इतकी जागच्या जागी असते की घरच्या माणसाला तिथं शोधायचं सुचत नाही, एवढंच. कात्री 'क'च्या खणात, पट्टी 'प'च्या. छत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीच्या अभिलेखागारात काढली. मुदत संपलेले कागद तारीखवार नष्ट करणं हे त्यांचं काम. कचेरीनं त्यांना निवृत्त केलं, पण ते काही मनावर घेतलं नाही त्यांनी.

याचा खरा जाच त्यांच्या पत्नीला, हेमाताईंना. जुन्या लुगड्यांच्या आणि लेकीच्या, वल्लरीच्या, लहानपणच्या फ्रॉकांच्या तुकड्यांची एक गोधडी त्यांना शिवायची होती. तुकडे दिवाणावर पसरून रंग जुळवायचे म्हणजे चार दिवस लागतात. श्यामसुंदरराव संध्याकाळच्या चहाआधी ते सगळे घडी घालून ट्रंकेत ठेवत. अकरा वर्षांत गोधडी दोन हातांपलीकडे सरकली नव्हती. हेमाताईंनी बोलणं सोडून दिलं होतं.

अशा माणसाला एका पक्ष्याचा लळा लागावा, ही गंमतच. इमारतीमागच्या बकुळीवर उन्हाळ्यात पहाटे एक काळापांढरा दयाळ शीळ घालत असे. आयुष्यात कुणाचं कौतुक न केलेले श्यामसुंदरराव एकदा म्हणाले, "बरं गातो." हेमाताई कपबशी हातात धरून बघतच राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकाला अजून 'बरं' मिळायचं होतं.

खालच्या मजल्यावरची तनुजा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती म्हणाली की ढोलीची जुनी झाडं गेली, आता या पक्ष्यांनी घरटं करायचं कुठं? लाकडी पेटी लावून बघा. श्यामसुंदररावांनी सागवानी पेटी केली. भोक तिनं सांगितलं तेवढंच, सुताचाही फरक नाही. गॅलरीत ऊन लागणार नाही अशी जागा निवडली. कावळ्याला बसायला मिळू नये म्हणून बाहेर दांडी ठेवली नाही. तिची एकच सूचना त्यांना पटली नाही. पेटी वर्षातून एकदा, पिल्लं उडून गेल्यावर साफ करायची, असं ती म्हणाली होती. वर्षातून एकदा? कुणी राहायला यावं असं वाटत असेल तर घर स्वच्छ नको? तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता जुना दातांचा ब्रश आणि ओलं फडकं घेऊन ते गॅलरीत उभे राहत. आत चार काड्या, थोडं गवत निघे. या बाजूला वारा फार, असं म्हणत ते केराच्या डब्यात टाकत.

चार उन्हाळे गेले, पेटी रिकामीच. दयाळाची जोडी येई, आत डोकावे, आठवड्याभरात दिसेनाशी होई. श्यामसुंदररावांनी मोबाइलच्या टॉवरला दोष दिला, समोरच्यांच्या मांजराला दिला, शेवटी पक्ष्याच्या अभिरुचीला दिला. पण सकाळी खुर्ची गॅलरीकडे तोंड करून टाकायचं त्यांनी सोडलं नाही. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते हेमाताईंना कळत होतं.

पाचव्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून पाच आठवडे ते विश्रांतवाडीला मुलाकडे, आमोदकडे राहिले. हेमाताई दुपारी जाऊन येत. पहिल्याच रविवारी, हुकमाप्रमाणे, त्यांनी ब्रश घेऊन पेटी उघडली. आत काड्या होत्या, नारळाची शेंडी होती, आणि त्यांच्या स्वतःच्या कंगव्यातला पांढऱ्या केसांचा गुंता. गोल, नीट बसवलेला. वारा असं काही करत नाही. हेमाताईंनी कडी हळूच लावली. सव्वानऊला फोन आला, पेटी पुसलीस का. त्या "हो" म्हणाल्या. संसारातलं ते पहिलं खोटं नव्हतं, पण इतक्या आनंदानं बोललेलं पहिलंच.

त्या दुपारी त्यांनी ट्रंक उघडली आणि तुकडे दिवाणावर पसरले. पाच आठवडे ते तिथंच राहिले.

श्यामसुंदरराव शनिवारी संध्याकाळी परतले, तेव्हा तुकडे पुन्हा ट्रंकेत होते आणि पेटीत तीन पिल्लं. हेमाताईंनी तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा गप्प बसल्या. चार वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला, अडथळा तुम्हीच होता, हे सांगायचं कसं? जेवण होताच ते दमून झोपले.

रविवारी नऊ वाजता काठी टेकत, ब्रश घेऊन ते गॅलरीत गेले. हात कडीवर पोचला.

"अहो, उघडू नका. आत पिल्लं आहेत."

हात तसाच राहिला. करड्या पंखांची मादी चोचीत अळी घेऊन कठड्यावर येऊन बसली होती, आणि ते बाजूला कधी होतात याची वाट बघत होती. ते दोन पावलं मागे सरले. ती आत गेली. आतून चिवचिवाट उठला. श्यामसुंदरराव मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, नेमकी आपण नसतानाच कशी आली?

"दर वर्षी येतच होती," हेमाताई म्हणाल्या. "सोमवार ते शनिवार काड्या आणायची. रविवारी तुम्ही टाकून द्यायचात."

"मी त्यांचं घर स्वच्छ ठेवत होतो."

"माझंही ठेवता."

श्यामसुंदरराव उठले आणि ब्रश न वापरताच 'ब'च्या खणात ठेवून आले. दुपारी हेमाताई डुलकी काढून उठल्या तर ट्रंक उघडी होती आणि सगळे तुकडे दिवाणावर मांडलेले होते. अर्थात रंगांच्या क्रमानं, कडेला कड लावून. हेमाताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी दोन तुकडे मुद्दाम विस्कटले. ते तसेच राहिले.

पुढच्या रविवारी पिल्लं पाहायला तनुजा आली आणि सवयीनं दिवाणाकडे वळली. श्यामसुंदररावांनी घाईनं तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"तिथं बसू नका," ते म्हणाले. "तिथं काम चालू आहे."