तोंडात माप असताना

आमचा काका खुर्चीत कधी पाठ टेकून बसला नाही. कडेला जेमतेम टेकायचा, कुणी ‘उठा’ म्हणायच्या आधीच उठता यावं म्हणून. त्याला तसं कुणी कधी म्हटलं नाही, हेही सांगून टाकते. आमच्या घरात तोंडावर काही बोलायची पद्धतच नव्हती. माझ्या पाचव्या वाढदिवसाच्या फोटोत उजव्या कडेला एक खांदा आणि अर्धा कान दिसतो, तो काका. फोटो काढणाऱ्यानं त्याला ‘आत सरका’ म्हणून दोनदा सांगितलं होतं म्हणे. त्यावर काका म्हणाला होता, “असू द्या, येतोय की मी.”

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि काचा लावून बंद केलेली एक लांबट गॅलरी. गॅलरीत काकाचा लोखंडी पलंग, पलंगाखाली पेटी, भिंतीला एक खुंटी. बाबांच्या लग्नाआधी दोघा भावांनी मिळून ही जागा घेतलेली. म्हणजे आई या घरात आली तेव्हा काका इथं आधीपासून होता. तरी पाहुणा तोच. आई त्याला गमतीनं ‘आमचे कायमचे पाहुणे’ म्हणायची आणि तो सगळ्यांच्या आधी हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. माणसानं इतकं पडतं घेऊ नये, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

काका कवळ्या करायचा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक तळघर होतं, तिथं तो आणि प्लास्टरवाला म्हणून सगळे ओळखायचे तो त्याचा जोडीदार, असे दोघंच बसायचे. डॉक्टरीणबाई वर दवाखान्यात पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या. ते माप खाली यायचं, प्लास्टरवाला त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, आणि काका त्या जबड्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा. खालचा-वरचा जबडा एका छोट्या पितळी सांगाड्याला जोडलेला असे. तो उघडमीट करून दातांची गाठ नीट पडते का, हे काका तासन्‌तास बघायचा. टेबलावर अशी दहा-बारा तोंडं एका वेळी उघडी पडलेली असत. त्यांना नावं नसत, नुसते नंबर. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तिथं जायचे. काका त्या जबड्यांशी बोलत बसलेला असे. “काय हो एकशे बारा, डावीकडूनच चावता वाटतं? उजवीकडे काय घोडं मारलंय?” तिथं मात्र तो स्टुलावर ऐसपैस बसायचा. हेही मी पाहिलंय.

प्रत्येक कामाबरोबर दवाखान्यातून एक चिठ्ठी यायची. नंबर, दातांचा रंग, कवळी कधी हवी. काम संपलं की चिठ्ठी फेकून द्यायची असते. काका ती उलटी करून तिच्यावर दोन ओळी लिहायचा आणि खिशात टाकायचा. धुण्याआधी खिसे तपासायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा मी त्या चोरून वाचायचे. काही अजून पाठ आहेत.

‘बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली. बसवत नव्हतं. एक थांबा आधीच उतरलो.’

‘वर काम द्यायला गेलो होतो. एक बाई हसत बाहेर आली. दात मी केलेले. तिनं जिना कुठं ते विचारलं, मी दाखवला.’

‘कुठं उभं राहायचं ते सगळ्यांना कसं कळतं? मला अजून कुणाला तरी विचारावंसं वाटतं.’

मला ते वाचून वाईट वाटायचं, असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला हसू यायचं. सोळा-सतरा वर्षांची होते, मला वाटायचं या माणसाला दुसरं काम नाही.

मी बारावीला गेले आणि मला अभ्यासाला खोली हवी झाली. धाकटा भाऊ दिवसभर घर डोक्यावर घ्यायचा. मी आईच्या मागे टुमणं लावलं की गॅलरी मला द्या. आई म्हणाली, “आणि भावोजी?” मी म्हटलं, “त्यांना काय, कुठंही झोपतात.” आईनं बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, पण एका रविवारी सुतार मोजपट्टी घेऊन दारात उभा राहिला. त्याला गॅलरीत टेबल, फळ्या आणि एक दार करायचं होतं. काका तेव्हा पलंगावर बसून चपलेचा पट्टा शिवत होता. सुतारानं मापं घेतली, पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारलं, “हा पलंग राहणार की जाणार?”

बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. आई म्हणाली, “बघू, कळवतो तुम्हाला.” काकानं पाय वर घेतले, जणू त्याचे पायच मापाच्या आड येत होते.

त्या दिवसापासून काका वाट बघत होता. त्याला जा म्हणून सांगितलं असतं तरी तो मुकाट गेला असता. पण कुणी ताकास तूर लागू देईना. तो सकाळी सगळ्यांच्या आधी पलंग आवरायचा, घोंगडी पेटीत ठेवायचा, जेवताना ताट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायचा. “भावोजी, टेबलाशी जागा आहे की,” आई म्हणायची. “इथं बरा आहे, वहिनी,” तो म्हणायचा.

त्याच सुमारास बाबांचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरून यायला वेळ लागणार होता. दोन महिने बाबा मऊ भात आणि दुधात भिजवलेला पाव खाऊन होते आणि सगळ्यांवर करवादत होते. गालफडं बसलेली, बोलणं बोबडं, त्यामुळे त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. आणि काका एकदम हुशारला. “दादा, तुझी कवळी मी करणार,” तो म्हणाला. “मापसुद्धा मीच घेतो.” पंचवीस वर्षांत त्यानं जिवंत माणसाच्या तोंडात हात घातला नव्हता, ते डॉक्टरीणबाईंचं काम. पण त्यानं त्यांना विचारलं, आणि घरचाच माणूस आहे म्हणून त्यांनी सामान दिलं. नाही जमलं तर मी घेईन म्हणाल्या.

रविवारी सकाळी बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. गळ्याशी टॉवेल. मी समोर तसराळं धरून उभी. आई भावाला घेऊन खाली दुकानात गेली होती. काकानं रबराच्या वाटीत गुलाबी पावडर पाण्यात घोटली, पत्र्याच्या साच्यात भरली आणि बाबांच्या वरच्या जबड्यावर दाबली. तीन मिनिटं थांबायचं, ते घट्ट होतं, मग काढायचं. वरचं माप झकास आलं. काका ते उजेडात धरून असं बघत होता की मी त्याला इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. मग खालचं. काकाची दोन बोटं बाबांच्या तोंडात, अंगठा हनुवटीखाली. “जीभ वर. आता सैल सोड. असाच राहा.” भिंतीवरच्या घड्याळात मी सेकंदकाटा बघत होते.

एक मिनिट झालं असेल. आणि काका बोलायला लागला, अगदी तळघरात बोलायचा त्याच आवाजात.

“दादा, तो सुतार विचारत होता ना पलंगाचं. मी म्हणतोय, ठमीला गॅलरी देऊन टाक. पोरीचा अभ्यास महत्त्वाचा. मी स्वयंपाकघरात पडेन, सकाळी उठून आवरीन, कुणाला कळायचंसुद्धा नाही. पण तू मला एकदा राहा म्हण. एवढंच. मला आपलं कळेना झालंय, मी राहू की जाऊ.”

घरात मला सगळे ठमी म्हणत.

बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला. घशातून आवाज आला. त्यांनी मान हलवली की हलवायला गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण काकानं ताबडतोब हनुवटी घट्ट धरली. “अंहं, हलू नकोस. माप बिघडेल.”

हा खास त्याच्या धंद्यातला घोळ. जन्म उघड्या तोंडांशी बोलण्यात गेला, ती तोंडं कधी उत्तर देत नव्हती, आणि त्याला ते सवयीचं होऊन बसलं होतं. आयुष्यात एकदा काय ते मागितलं, तेही समोरच्याचं तोंड स्वतःच्या हातानं बंद करून. त्याच्या ते लक्षात आलं. चेहरा पडला. त्यानं बोटं जरा सैल केली, पण काढली नाहीत. अजून दीड मिनिट बाकी होतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत राहिले.

वेळ झाल्यावर त्यानं माप काढलं. बाबांनी तसराळ्यात थुंकून चूळ भरली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, “काय भिकार चव आहे रे.”

“पुदिन्याची म्हणतात,” काका म्हणाला. “पण तशीच लागते खरी.”

तो तिथंच उभा राहिला. बाबांनी चष्मा शोधला, लावला, पेपर घेतला. काकानं वाटी धुतली, मग पुन्हा धुतली, टॉवेल वाळत घातला, पुन्हा येऊन उभा राहिला. मग दोन्ही मापं ओल्या फडक्यात गुंडाळून तळघरात गेला. रविवार होता, तळघर बंद असायचं. तरी गेला.

पंधरा दिवसांनी कवळी आली. बाबांनी घातली, आरशात बघितली, पावाची कड मोडून चावली. कुठं टोचलं नाही, कुठं हललं नाही. नव्या कवळीला दोन-चारदा तरी घासावं लागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबांच्या कवळीला एकदाही लागलं नाही. “छान झाली रे,” बाबा म्हणाले. काका म्हणाला, “तळघरामागची खोली रिकामी आहे. कामाजवळ बरं पडेल मला.” बाबा म्हणाले, “तुला सोयीचं असेल तसं कर.” ते त्या नव्या दातांमुळे स्पष्ट ऐकू आलं. काकानं पेटी उचलली. दाराची किल्ली खिळ्याला अडकवली. पलंग सुतारानं नेला.

त्यानंतर अकरा वर्षं काका दर रविवारी यायचा. बेल वाजवून. कधी स्वतःहून आत आला नाही, मी दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभा असायचा. चहा घ्यायचा, कप स्वतः विसळायचा, भावाला पेन्सिल तासून द्यायचा, तासाभरात निघायचा. त्या गॅलरीत अभ्यास करून मी पहिल्या वर्गात पास झाले. पेढे घेऊन तळघरात गेले तर काका मला टेबलावरचे जबडे सरकवून बसायला जागा करून द्यायला लागला. मी म्हटलं, उभीच बरी आहे, घाई आहे. कसली घाई होती, काही आठवत नाही.

गेल्या वर्षी काका तापानं गेला. दवाखान्यात चार दिवस होता. तिथंही पलंगाच्या कडेला झोपायचा, नर्सनं दोनदा मध्ये सरकवलं. पुढं प्लास्टरवाल्यानं फोन केला की खोली रिकामी करून द्यायचीय, कुणीतरी या. मी गेले. खोली कसली, जिन्याखालची जागा. पेटी, घोंगडी, दोन शर्ट, एक स्टूल. फळीवर प्लास्टरचा एक जबडा, वरचा आणि खालचा. “वर्ष झालं की आम्ही फोडून टाकतो सगळे,” प्लास्टरवाला म्हणाला. “हा एक कधी फोडू दिला नाही त्यानं. हात लावला की ओरडायचा.” बुडाला नंबर नव्हता. पेन्सिलीनं ‘दादा’ लिहिलं होतं. आत एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली. मला वाटलं, आता तरी काही असेल. चिठ्ठीवर तारीख होती आणि खाली एवढंच: ‘माप नीट आलं. एकही बुडबुडा नाही.’

मी तो जबडा घरी आणून बाबांच्या समोर टेबलावर ठेवला. बाबा आता थकलेत, पण कवळी तीच. नवी करून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि ओळखलं.

“त्या दिवशी काकानं काहीतरी विचारलं होतं तुम्हाला,” मी म्हटलं.

“राहा म्हणणार होतो मी,” बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की हे उत्तर त्यांनी कधीचं तयार ठेवलं असणार. “त्यानंच बोलू दिलं नाही. हलू नकोस म्हणाला.”

“तीन मिनिटांनी माप काढलं होतं, बाबा. पुढं अकरा वर्षं होती.”

बाबांनी कवळी काढली आणि पेल्यातल्या पाण्यात सोडली. रात्री निजताना सोडतात तशी. दुपारचे अडीच वाजले होते. मग गालफडं बसलेल्या तोंडानं खिडकीबाहेर बघत राहिले, आणि पुढं काही विचारायची सोय राहिली नाही.

मला त्यांचा संताप आला होता. चांगले चार शब्द सुनवायचे म्हणून मी उभी राहिले. पण उभी राहिले ती नेमकी त्याच जागी, जिथं त्या रविवारी तसराळं धरून उभी होते, आणि समोरच्या भिंतीवर तेच घड्याळ होतं. बाबांच्या तोंडात माप होतं. माझ्या तोंडात काहीच नव्हतं. काकानं माझ्याकडे बघितलं होतं, आणि राहा म्हणायला मला पुरं दीड मिनिट होतं. बाबांनीच म्हणायला हवं होतं असं काही नाही. त्याला घरातल्या कुणीही म्हटलेलं चाललं असतं.