बिनअनुदानित गाऱ्हाणं

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा तमाम जनतेला, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या हायस्कुलात हेडमास्तरांपेक्षा शिपाई मोठा होता. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी शेवटपर्यंत बसावे, नाहीतर आत्ताच उठावे.

मी तिथं इतिहास शिकवायचो. पहिल्याच दिवशी त्याला फळा कसा पुसावा हे सांगायला गेलो. त्यानं खाकी टोपी मागे सरकवली.

"माका शिकवू नकात, मास्तरानू. मी तुमच्या आदीपासून शाळेत आसय."

हे वाक्य तो तपासणीच्या साहेबांनाही ऐकवी आणि संस्थेच्या अध्यक्षांनाही. कारण शाळेतला हा शिपाई देवळात मानकरी होता. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा, मान त्याच्या घराण्याचा, आणि घराण्यात आता तो एकटाच उरलेला. एरवी त्याला "चहा आण" म्हणणारे अध्यक्ष जत्रेला त्याच्यासमोर हात जोडून उभे!

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि खासगी शाळांच्या अनुदानाला कात्री लावायची भाषा सुरू झाली होती. आमच्याच गावचे एक पुढारी त्या कात्रीचे परमभक्त. त्यांनी सभा घेतली ती शाळेच्या पटांगणात, आणि तोफ डागली तीही शाळेवरच.

"सरकारनं खासगी संस्था किती दिवस पोसायच्या? आधी शिपाई कमी करा. घंटा काय मास्तरांना मारता येत नाही?"

आपली नोकरी वाचतेय हे ऐकून आम्हा मास्तरांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला एक कोण ते सांगणार नाही, दुसरा मी.

शिपाई शांतपणे व्हरांड्यात गेला. तिथं टांगलेल्या लोखंडी रुळावर त्यानं शाळा सुटल्याची घंटा हाणली. वर्गावर्गांतून पोरं बोंबलत बाहेर पडली. शाळा सुटली, सभाही सुटली.

पुढारी लालेलाल. "कोणाक इचारून मारलंस रे?"

"माका शिकवू नकात."

झालं, वैर पेटलं. निवडणुकीला उभे राहिल्यावर पुढारी नारळ घेऊन देवळात आले. गाऱ्हाणं घालणार कोण? हाच! अख्खा गाव जमला; देवासाठी कमी, ह्या दोघांसाठी जास्त.

"बा देवा म्हाराजा!" त्यानं आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" गावानं साथ दिली.

"ह्यो तुझो भक्त निवडणुकेक उभो रवलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढारी सुखावले.

"आणि शाळेच्या पोटार पाय देवची जी बुद्धी तेका झाली आसा, ती तेच्या डोक्यातसून काढ आणि दर्यात बुडय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव असा गरजला की देवळावरचे कावळे उडाले.

पुढाऱ्यांच्या कानशिलांवर घाम आला. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून निघायची छाती कोणाची? दात खात, हात जोडून उभे राहिले.

देवानं गाऱ्हाण्याचा पहिला भाग ऐकला. ते निवडून आले. वर्षभरात अनुदान घटलं आणि कागद आला: शिपायाचं पद रद्द.

शेवटच्या दिवशी टाळ्यांबद्दल काहीतरी बोलावं म्हणून मी त्याच्याजवळ गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यानं घंटेचा हातोडा माझ्या हातात दिला.

"पाचवीतली पोरा सुटली काय खाडीकडे धावतत. पलीकडे नेवची होडी काठाक लागल्याशिवाय घंटा मारू नकात."

मग तो लेकीकडे बांद्याला गेला आणि तिथल्या एका वखारीवर राखणीला लागला. वखारीचा मालक सुट्टी देईना म्हणून जत्रेलाही आला नाही.

पुढच्या निवडणुकीला पुढारी पुन्हा नारळ घेऊन आले. देवासमोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. पुजारी मागे सरला. गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा नव्हता. गाव "व्हय म्हाराजा" म्हणायला तयार, पण गाऱ्हाणंच सुरू होईना. अखेर पुढाऱ्यांनी एक डोळा किलकिला केला, रिकामी जागा बघितली, आणि सगळ्या गावादेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अरे, तेका गावातसून जावक कोणी दिल्यान?"