शिंगाड्यांचे टोपले

मार्गशीर्षातल्या दुपारी गोंदियाच्या बाजारचौकात पाऊल टाकले की आधी वास अंगावर येई. नव्या धानाचा, उकडलेल्या शिंगाड्यांचा, लाखेचा, आणि या साऱ्यांवर पसरलेल्या स्टेशनाकडच्या कोळशाच्या धुराचा. रेल्वे येण्याआधी याच चौकात जंगलातला डिंक नि लाख तोलली जाई, असे म्हातारे सांगत. माझ्या वेळी, म्हणजे इंग्रजी अमदानीच्या उतरत्या वर्षांत, तिथे धानाच्या बंड्या एकमेकींत अशा अडकत की गाडीवानांपेक्षा बैलच शहाणे वाटत. त्या गर्दीत मी एकटाच उभा होतो. घरी शाळेच्या कामाचे निमित्त सांगून आलो होतो आणि नुकताच दवाखान्यातून बाहेर पडलो होतो. मला महारोग झालेला नव्हता.

दक्षिणेकडच्या एका तलावाकाठच्या खेड्यात मी मास्तर होतो. पावसाळ्याच्या तोंडी उजव्या कोपराखाली एक फिकट चट्टा उमटला आणि माझी झोप उडाली. ज्याला तो रोग होई त्याची शाळा सुटे, घर सुटे, गावाबाहेर झोपडी पडे आणि त्याच्या पोरींना स्थळ येत नसे. माझ्या घरी दोन मुली. मी कुणालाच काही बोललो नाही, बायकोलाही नाही. चातुर्मास लागत होताच, तेव्हा कडक व्रत धरले असे जाहीर केले. ताट वेगळे, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर, कुणाचा स्पर्श नाही, मुलांच्या पाट्यासुद्धा लांबूनच पाहायच्या. गाव भलतेच प्रसन्न झाले. कार्तिकी एकादशी उलटली तरी मी व्रत सोडीना, तेव्हा तर म्हातारी माणसे पाया पडायला येऊ लागली, आणि मी दचकून मागे सरलो की म्हणत, मास्तर काय विरक्त माणूस! भीतीला सोवळे नेसवले की ती इतकी देखणी दिसते, हे मला ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर पीस फिरवले, टाचणी टोचली. महारोगाचा चट्टा बधिर असतो हे ऐकून होतो, म्हणून प्रत्येक टोचणीचे दुखणे मी देवाच्या प्रसादासारखे झेलले. मग ते हसत म्हणाले, “मास्तर, हे साधं शिबं आहे. गंधकाचं मलम लावा.” एवढेच. एवढ्यासाठी मी पावसाळ्यापासून जिवंतपणी मेलो होतो!

खरे तर चौकात येऊन नाचायला हवे होते. पण मनाला कळलेले शरीराला अजून कळले नव्हते. सवयीने हात उपरण्यात दडलेले, खांदे आवळलेले, प्रत्येक येणाऱ्याला वाट देत मी भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. “हटो भैया, हटो!” म्हणत एका हमालाने खांद्यावरच्या पोत्यासकट मला सणसणीत धक्का दिला. मी आधी आक्रसलो आणि मग एकाएकी बरे वाटले. साऱ्यांना बसतो तसा धक्का मलाही बसला होता.

तेवढ्यात चौकाच्या कडेला एक ढिवरीण, तलावातले मासे-शिंगाडे काढून विकणाऱ्यांपैकी एक बाई, दिसली. शिंगाड्यांनी भरलेले ओले टोपले पुढ्यात ठेवून, डोक्यावर चुंबळ बसवून ती उभी होती. बाजारातली रीतच ती. जड टोपले एकट्याने डोक्यावर चढत नाही, म्हणून जो समोर येईल त्याला हाक मारायची.

“ओ जी, जरा हात लावजा.”

मी जागीच थिजलो. आजूबाजूला पाहिले, दुसरे कुणी आहे का म्हणून.

“तुमालेच म्हणून राहिली जी. काऊन भेता? टोपलं चावते का?”

माझे हात बाहेर आले. आम्ही दोघांनी टोपले उचलले, तिची भिजलेली बोटे माझ्या बोटांवर दाबली गेली, आणि शिंगाड्यांचे गार, चिखलगंधी पाणी माझ्या मनगटावरून ओघळत थेट त्या चट्ट्यावरून कोपरापर्यंत गेले. “बरं झालं,” म्हणून ती गर्दीत मिसळली. मी मात्र रडत होतो, भर चौकात, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मग ऊन उतरेपर्यंत मी तिथेच रेंगाळलो. कुणाची लाकडाची मोळी, कुणाचा भाजीचा भारा, कुणाची चुरमुऱ्यांची पाटी, जी खरे तर कुणाही पोरीला एकटीने पेलली असती. न बोलावताही मी हात लावत सुटलो. लोक मला वेडा समजले असतील. दुपारची छोटी गाडी निघून गेली, आणि गाडी चुकल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

संध्याकाळच्या गाडीत, माणसांत चेपून बसलो असताना, त्या ढिवरणीचा विचार मनात आला. निर्वाळ्याची गरज मला होती, तिला नव्हती. सकाळी दवाखान्याकडे जाताना भेटली असती तरी तिने असाच हात मागितला असता. आणि डॉक्टर वेगळे काही बोलले असते, तरी तिचे टोपले तेवढेच जड असते. तेव्हा मी काय केले असते? गाडी धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांतून, बांध घातलेल्या शेतांतून, चालली होती, शेजारचा म्हातारा माझ्या खांद्यावर खुशाल झोपला होता, आणि मी खांदा तसाच ठेवला होता. तो प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो.