नजर न जुळलेला पुतळा

माझे यजमान माधव सुपरहिरोंचे पुतळे जमवतात. लहानपणी ज्याची चित्रकथा त्यांनी पानं सुटेपर्यंत वाचली, त्या नायकाच्या पुतळ्याची त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली. परवा रविवारी सकाळी तो आला. त्यांनी हलक्या हाताने थर्माकोल बाजूला केला, पुतळा काचेच्या कपाटात ठेवला आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून त्याचा चेहरा निरखून कपाळाला आठी घातली.

मला तर तो सुरेख वाटला. खांद्यावरून उडणाऱ्या झग्याची चुणी न चुणी कोरलेली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोळे बघ. तो कुणाकडेच बघत नाहीये."

"मग परत पाठवा."

"बदली येईल तोही असाच असणार. साचा एकच." कपाटाची काच लावून घेत ते म्हणाले, "आई गेली त्या वर्षी मी मामाकडे होतो. दुपारी माळ्यावर बसून याचं चित्र बघायचो. तो माझ्याकडे बघायचा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्या स्वस्त कागदावर चित्रकाराने डोळ्यांच्या जागी दोन ठिपकेच काढले असतील. त्यांत माया भरली होती ती एका आठ वर्षांच्या पोरक्या मुलाने. ते कुठल्या कारागिराला जमावं?

माधव गुडघ्यांवर हात टेकत कपाटासमोर फरशीवर बसले आणि लहान मुलासारखी मान वर करून पाहत राहिले. तिथूनही नजर जुळली नाही. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.